मशीन नेणारी हातगाडी

पडदा वर जावा तसं वर्कशॉपचं शटर खडखडत वर गेलं. उजेड पडला तो थेट मध्यभागी मिरवणाऱ्या नव्याकोऱ्या गॅसच्या वेल्डिंग मशीनवर. मागे कोपऱ्यात, भूमिका संपलेल्या नटासारखं, काकांचं तेलात थंड होणारं जुनं वेल्डिंग मशीन उभं होतं. छत्तीस वर्षं काकांनी त्यावर वेल्डिंगचे रॉड जाळले. रॉडांना ओल धरू नये म्हणून पत्र्याच्या डब्यात बल्ब पेटता ठेवला. काकू म्हणायच्या, "माझ्या पांघरुणाची कधी चौकशी नाही, रॉडांना मात्र ऊब!"

आज भंगारवाला मशीन न्यायला येणार होता, आतल्या तांब्यासाठी. ते गेलं की काकांनी नुसतं ग्राइंडर फिरवत बसायचं, हे ठरलेलंच. वर्कशॉप आता पुतण्याचं होतं. त्याला रॉडचा होल्डर धरायला शिकवलं होतं काकांनीच.

"काका, रॉडचे दिवस गेले," तो मान वर न करता म्हणाला. "यावर सांध्यावरची जळकी खपली ठोकत बसायला नको. काम तिप्पट."

"आणि वारा सुटला की?"

"आपण काय माळावर बसलोय?"

काकांनी जुन्या मशीनवरची धूळ झटकली. खोटं कुठे बोलत होता तो?

भंगारवाला हातगाडी आणि एक पोरगा घेऊन आला. चौघांनी मशीन गाडीवर चढवलं. गाडी उंबऱ्याबाहेर रस्त्यावर उतरली आणि कडाड्! चाकांमधला गंजलेला दांडा मोडला. भंगारवाल्यानं कपाळाला हात लावला. सगळ्यांनी मशीन पुन्हा खाली घेतलं.

"दोन मिनिटांचं काम, गाडी आत कशाला ओढायची?" म्हणत पुतण्यानं नव्या मशीनची नळी बाहेर ओढली. पण रस्त्यावर भन्नाट वारा. गॅस सांध्यावर ठरेचना. सांधा स्पंजासारखा भोकाभोकांचा झाला आणि हातोडीच्या एका टपलीत निखळला.

"माळ इथवर आला वाटतं," काका म्हणाले.

"टोमणे पुरे. लावा तुमचं."

काकांनी जुन्या मशीनची वायर जोडली, डब्यातले उबदार रॉड काढले आणि भर रस्त्यात गुडघे टेकले. वारा सदरा ओढत होता, पण रॉडवरचा लेप जळत सांध्यावर स्वतःच पांघरूण घालत होता. काकांनी टोकदार हातोडीचा टोचा मारला, खपली अखंड निघाली. खाली माशाच्या खवल्यांसारखा देखणा सांधा! भंगारवाला त्यावर उभा राहून नाचला. "काका, मानलं तुम्हाला!"

काकांनी पुतण्याकडे पाहिलं. आता म्हणेल, राहू द्या मशीन. म्हणेलच.

पुतण्यानं घाम पुसला. "सुटलो बुवा! चला, चढवा आता."

काकांनी वायर स्वतःच सोडवली, नीट गुंडाळली, मशीनवर ठेवली. डब्यातला बल्ब विझवला. भंगारवाल्यानं मशीन चढवायला हात घातला, तेव्हा ते आडवे आले.

"सांधा तापलाय अजून. गार होऊ दे. दहा मिनिटं थांब, मग ने."