आज चहा नको

आमच्या नाशिकच्या कोर्टातल्या बाररूममध्ये एका वकीलसाहेबांइतका चहा कुणी पीत नसे. पण वकिलांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या समितीवर ते होते, आणि सुनावणीच्या दिवशी ते कुणाच्याही चहाला शिवत नसत. "आज नको," एवढंच म्हणत. मग ज्याच्यावर तक्रार असे, तो वकील हळूच घाम पुसायचा.

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी लॉ कॉलेजात होतो. माझे वडीलही वकील, त्यांचे सीनियर. त्या सकाळी वडिलांनी सवयीनं कप पुढे सरकवला. ते वाकून वडिलांच्या पाया पडले आणि म्हणाले, "सर, आज नको."

लासलगावच्या एका वाटणीच्या दाव्यात वडिलांनी भांडणाऱ्या दोन्ही भावांना सल्ला दिला होता, त्याची तक्रार त्या दिवशी समितीपुढे होती. वकीलसाहेब समितीतून उठले आणि समोर साक्षीदार म्हणून उभे राहिले. "मी तेव्हा सरांच्याच ऑफिसात होतो. दोघेही सरांकडे येत होते."

वडिलांची वकिलीची सनद वर्षभरासाठी निलंबित झाली. मी त्या वकीलसाहेबांशी बोलणंच टाकलं.

पुढे माझी सनद आली, तेव्हा वडील म्हणाले, "उद्यापासून त्याच्याकडे काम शिकायला जा."

"त्यांच्याकडे? त्यांनी तुमच्याविरुद्ध साक्ष दिली!"

"दिली ना," वडील खुर्चीत ताठ बसले. "माझ्याच हाताखाली तयार झालाय तो."