मध्येच म्हटलेलं आमेन

नोव्हेंबरातला दुसरा शनिवार, संध्याकाळ. घणसोली, ताईचा फ्लॅट. निमित्त: भाची परदेशी निघाली म्हणून निरोपाची प्रार्थना.

हजर: ताई आणि भावजी. जिच्यासाठी सगळं चाललं होतं ती भाची. आमच्या चर्चचे पाळकसाहेब आणि पाळकबाई. भावजींचे थोरले भाऊ, उरणहून, तिथं कंटेनर यार्डात सुपरवायझर. महिला मंडळाच्या अध्यक्ष, निवृत्त शिक्षिका, ज्यांना आख्खी मंडळी, म्हणजे सगळं चर्च, नुसतं 'बाई' म्हणते. पेटी-ढोलकीसह गायनातली माणसं. शेजारच्या बौद्ध घरातल्या काकू, ज्यांनी खुर्च्या दिल्या, इडलीचं भांडं दिलं आणि स्वतः दाराजवळ टेकल्या. आणि मी, ताईची धाकटी बहीण, सीवूड्सहून.

भाची नर्स आहे. नेरूळच्या एका हॉस्पिटलात आयसीयूत काम करत होती, तिला आयर्लंडला नोकरी लागली. तिच्या जाण्याची तयारी आपसूक माझ्या गळ्यात पडली, कारण आमच्या घरात याद्या मी करते. मी शाळेच्या ऑफिसात काम करते. परीक्षा, सहल, गॅदरिंग, सगळं कागदावर आधी होतं आणि मग मैदानावर. बॅगेची यादी सोपी होती. कागदपत्रांची त्याहून सोपी. मी खपत बसले ती तिसऱ्या यादीवर.

त्याला कारण होतं. आमच्या मंडळीतून परदेशी जाणाऱ्यांची बॅग घरचे लोक काट्यावर पुन्हा पुन्हा चढवतात. मन कोणी तोलून बघत नाही. एक मुलगा आखातात गेला, परत आला तो चर्चची पायरी चढेना. लोक म्हणाले, पैसा आला, विश्वास गेला. मी त्याला सरळ विचारलं. तो म्हणाला, तिकडे उपासना शुक्रवारी, भाड्याच्या हॉलमध्ये, सगळी इंग्लिशमधून. त्याला इंग्लिशची लाज वाटायची, म्हणून तो एकदा गेला नाही, दुसऱ्यांदा गेला नाही, आणि का आला नाहीस हे विचारायला तिकडे कोणी दारात येत नाही. "आधी कोणी बोललं असतं ना, की असं होतं, तर गेलो असतो," म्हणाला. गावाकडच्या पाळकांपासून इथल्या वडीलमंडळींपर्यंत सगळ्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला होता. हे एक वाक्य कोणी बोललं नव्हतं.

म्हणून माझ्या तिसऱ्या यादीत असं होतं: जवळचं चर्च कुठलं, भाषा कुठली. रविवारी ड्युटी लागली तर प्रार्थना कधी. कोणी विचारलं, तू भारतातली आणि ख्रिस्ती कशी, तर न चिडता काय सांगायचं. पहिला नाताळ एकटीचा असेल, त्या दिवशी काय शिजवायचं आणि कोणाला बोलवायचं. रडू आलं तर फोन कोणाला. ताईला नाही, ताई स्वतःच रडेल. आणि शेवटी: श्वास.

श्वासाचं असं. नोकरीचं पत्र आल्यापासून भाचीचा श्वास अडकायचा. वॉर्डात नाही, तिथं समोर काहीही होवो, तिचा हात हलत नाही. घरी, बसल्या-बसल्या. छाती आवळायची, हात गार पडायचे. तिनं मला सांगितलं, मी तिला वाशीला मानसोपचाराच्या डॉक्टरबाईंकडे नेलं. त्या म्हणाल्या, ही चिंता आहे, यावर उपाय आहे, आणि हिनं जायला काही हरकत नाही. छोटी गोळी दिली, श्वासाचा व्यायाम दिला. भाची म्हणाली, "मावशी, पप्पांना मी सांगेन. माझं मी सांगेन." मी बरं म्हटलं. तिचं वय सांगण्याइतकं होतं.

आत्मिक तयारी पाळकसाहेबांनी बाईंकडे दिली होती. दर गुरुवारी भाची बाईंकडे जायची. बाई बायबलमधली वचनं पाठ करून घ्यायच्या, आणि तिकडची चर्चेस ओस पडली, कुठं कुठं हॉटेलं झाली, असं सांगून घाबरवायच्याही. एका गुरुवारी त्यांनी विचारलं, मनात काही अडतंय का? पोरगी खरी. देवापुढं जायचं तर खोटं कशाला, म्हणून तिनं श्वासाचं सांगितलं. डॉक्टरांचंही. आणि म्हणाली, बाई, हे तुमच्यापाशी ठेवा.

आता शनिवार. गायन झालं, पाळकसाहेबांचं बोलणं झालं, मग सगळ्यांनी उठून डोळे मिटले. पाळकसाहेब म्हणाले, "बाई, आपण आम्हाला प्रार्थनेत चालवा." म्हणजे प्रार्थना बाईंनी म्हणायची.

बाईंची प्रार्थना लांब असते, हे सगळ्यांना ठाऊक आहे. विमान झालं, पायलट झाला, तिकडचं सरकारही झालं. आणि मग आवाज खाली आला, थरथरला.

"हे दयाळू बापा, तू जाणतोस बापा, तुझ्या या लेकराला भीतीच्या आत्म्यानं धरलंय. तिचा श्वास कोंडतो बापा. वाशीला मनाच्या डॉक्टरकडे जावं लागतंय बापा, गोळ्या घ्याव्या लागताहेत. आई-बापाला सांगायची हिंमत होत नाही बापा, तू तिला..."

मी डोळे उघडले. बाकी सगळ्यांचे मिटलेले. ताईचेही, पण पापण्या हलत होत्या. भाची खिडकीशी उभी, मान खाली, ओढणीचं टोक मुठीत. फक्त शेजारच्या काकूंचे डोळे माझ्यासारखे उघडे. त्या माझ्याकडे बघत होत्या, की आता तुम्ही लोक काय करणार?

आमच्यात प्रार्थना मध्ये तोडत नाहीत. दारावर बेल वाजली तरी नाही, दूध उतू गेलं तरी नाही. बोलणारा देवाशी बोलतो आहे, तिथं 'अहो, थांबा' म्हणणारे तुम्ही कोण? म्हणूनच तर बोलणाऱ्याचं फावतं. चारचौघांत जे तोंडातून काढायला माणूस दहादा विचार करेल, ते 'बापा' लावलं की पवित्र होतं. 'तू जाणतोस बापा!' तो जाणतो, मान्य. उरणचे काका जाणत नव्हते. ढोलकीवाला जाणत नव्हता. बाई आता पिढीजात शापापर्यंत आल्या होत्या. आमच्या आईच्या बहिणीला शेवटी भ्रम झाला होता, ते त्यांना कुठून कळलं देव जाणे, पण ते ओठांवर आलेलं मला दिसलं. त्यांनी श्वास घेतला.

मी म्हणाले, "आमेन!"

शाळेच्या मैदानावर माईक नसताना मी जो आवाज लावते, तो. आणि सवय ती सवय, आख्खी खोली म्हणाली, "आमेन!" ढोलकीवाल्यानं थापसुद्धा मारली. पाळकसाहेबांचे हात आपोआप वर गेले, त्यांनी आशीर्वाद देऊन टाकला. बाईंचं तोंड तसंच उघडं राहिलं.

मग इडल्या आल्या. मिटलेले डोळे उघडले आणि उघडून थेट भाचीवर बसले.

उरणचे काका हातातली प्लेट हातातच ठेवून भावजींना म्हणाले, "डोक्याची ट्रीटमेंट चालू आणि तू पोरीला सातासमुद्रापार धाडतोयस? तिकडं काय कमीजास्त झालं तर आणायला कोण जाणार, तू का मी? तिकीट थांबव."

भावजी पडलेल्या आवाजात म्हणाले, "मला कोणी सांगितलंच नाही. आख्ख्या मंडळीला माहीत, बापाला नाही."

"आख्ख्या मंडळीलाही आत्ताच कळलंय," मी म्हणाले.

गायनातल्या एकीनं मला बाजूला घेतलं. "टेन्शन घेऊ नका हो. पनवेलला एक ब्रदर येतात, नुसता हात ठेवतात, सगळं पळून जातं. गोळ्या-बिळ्या बंद."

"तुमच्या बीपीची गोळी पळाली का?"

"ते वेगळं."

"ते वेगळं नाही!"

शेजारच्या काकू रिकाम्या प्लेटा गोळा करता करता पुटपुटल्या, "आमच्याकडं पन हेच असतं हो. फक्त आमी डोळे उघडे ठेवून बोलतो."

बाई स्वयंपाकघरात पाणी पीत होत्या. मी आत गेले आणि दार लोटलं.

"बाई, तिनं तुम्हाला विश्वासानं सांगितलं होतं."

"मी कोणाला सांगितलं? मी प्रार्थना केली."

"प्रार्थना नाही केलीत, बातमी दिलीत."

"हे बघ, मी तिच्यासाठी उपास केलाय. तीन दिवस. तू केलास?"

"उपास तुमचा, आणि बाकीच्यांना तोंडी लावायला माझी भाची!"

त्यांचे डोळे भरले. खोटे नव्हते, हेच मला अजून सोसत नाही. त्या पोरीवर त्यांची माया आहे. मायेनंच त्यांनी तिला सगळ्यांसमोर उघडं केलं. वाईट माणूस असता तर मला रागवायला किती बरं पडलं असतं. "सामुदायिक प्रार्थनेत बळ असतं," त्या म्हणाल्या. मी म्हणाले, "मग तुमच्या सुनेचं माहेरी निघून जाणंही सामुदायिक करा की!" आणि बाहेर आले. ते मी बोलायला नको होतं, असं ताईचं म्हणणं. माझं तसं म्हणणं नाही.

गॅलरीत वॉशिंग मशीनपाशी बाप-लेक उभे होते. सरकत्या काचेच्या अलीकडे ताई, तिच्या मागे मी. भावजी म्हणाले, "राहू दे. इथंच कर नोकरी. इथं काय कमी आहे?"

"पप्पा, हे इथंच सुरू झालंय. तिकडं गेल्यानं नाही झालं."

"पण तिकडं कोण आहे तुझं?"

"म्हणूनच तर शिकले ना, श्वास अडकल्यावर काय करायचं ते."

"आत्ता अडकलाय का?"

"अडकलाय."

भावजी घाबरले. "मग... कर. काय करायचं ते कर."

तिनं कठड्यावर दोन्ही हात टेकले. खालच्या गल्लीत रिक्षावाल्यांचं भांडण चाललं होतं. नाकानं श्वास घेतला, धरला, तोंडानं हळूहळू सोडला. सोडताना ओठ हलत होते. पुन्हा घेतला. भावजी तिच्या पाठीवर हात ठेवायला गेले आणि थांबले. ठेवायचा की नाही हे त्यांना कळेना. बऱ्याच वेळानं तिचे खांदे खाली आले.

"काय पुटपुटतेस?" त्यांनी विचारलं.

"वचन. श्वास डॉक्टरांचा, वचन बाईंचं. श्वास सोडेपर्यंत अर्धं होतं, पुढच्याला उरलेलं."

भावजींनीही कठड्यावर हात टेकले आणि म्हणाले, "मला दाखव. किती धरायचा?"

काकांना त्या संध्याकाळी भावजींनी एवढंच सांगितलं: "दादा, तिकीट आहे तसं राहणार." काका रागावून, इडली न संपवता उरणची गाडी गाठायला गेले.

भाची गेली. माझी तिसरी यादी तिच्या पर्सच्या आतल्या कप्प्यात गेली.

इकडे मंडळीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दर शनिवारी प्रार्थनेचे विषय येतात. आजारी, परीक्षेला बसणारे, नोकरी शोधणारे, आणि त्यांच्यात: 'परदेशी गेलेल्या आमच्या भगिनीच्या मनःस्वास्थ्यासाठी.' खाली हात जोडलेल्यांची रांग. मी पाळकसाहेबांना दोनदा भेटले. म्हणाले, "पुढच्या कमिटीत विषय घेऊ." कमिटी झाली. त्यात पंख्यांचा विषय झाला. मी पुन्हा गेले, तर म्हणाले, "अहो, प्रेमानं करतात लोक." प्रेमानं! त्या प्रेमाच्या भीतीनं आता आमच्यातली कुठली मुलगी कोणापाशी मन मोकळं करणार आहे? पुढच्या उन्हाळ्यात करावे गावातल्या एका सभासदांचा मुलगा कॅनडाला निघालाय. त्याची आई परवा मला म्हणाली, "तुमच्याकडची ती यादी द्या. पण निरोपाची प्रार्थना ठेवणार नाही आम्ही." इतकी जुनी, चांगली चाल, आमच्याच तोंडामुळे मोडायला आलीय.

आणि गेल्या आठवड्यात भाचीचा फोन आला. चर्च सापडलंय. म्हाताऱ्या माणसांचंच आहे, गाणी ओळखीची नाहीत, पण ती जाते. श्वास अडकतो अधूनमधून, सुटतोही. मग म्हणाली, "मावशी, बाईंना सांग ना, वचन रोज कामाला येतं. सांग, माझ्यासाठी प्रार्थना करत राहा, मला हवी आहे. फक्त एकट्यानं करा."

"तूच सांग," मी म्हणाले.

"मी सांगितलं तर त्या रडतील आणि ग्रुपवर टाकतील. तू समोर जाऊन सांग. प्लीज."

बाई दर रविवारी चर्चच्या दारात उभ्या असतात. आमच्यातल्या रीतीनं "सलाम," म्हणतात. मीही सलाम म्हणते, चपला घालते आणि जिना उतरते. निरोप द्यायचा राहिलाय.