जीपचा घास

मंसूरच्या जीपला सूर्यमाळवर घास मिळायचा. थट्टा नाही. जव्हारहून प्रवासी घेऊन जीप चढून आली की काळ्याची बायको माघी मूठभर नागलीचं पीठ घेऊन अंगणाबाहेर यायची. "भाय, आधी गाडीला दे, मंग तू चहा पी." रेडिएटर जुनापुराणा, जागोजाग झिरपणारा. पीठ पाण्यात फुगायचं, भोकांत बसायचं नि गळती थांबायची. मंसूर आपल्या गाडीला दुसऱ्याचा हात लागू द्यायचा नाही. पाना, तार, साबण आणि नागली, एवढ्यावर त्याचं सगळं भागायचं.

पंच्याऐंशी साली दाभोशाच्या धबधब्याच्या वाटेवर एका मुंबईकराची विलायती गाडी अडली. लाल, टर्बोवाली, शर्यतीत पळवायची. टर्बोची हवा नेणारा रबरी पाइप फाटला होता. मंसूरनं सायकलची ट्यूब गुंडाळून, तारेनं आवळून ती चालू करून दिली. मग स्वतःच्या रेडिएटरमध्ये पीठ टाकलं. ते बघून पाहुणा म्हणाला, "हे नळ्यांत साठत जातं. एकदा उघडून साफ करा, नाहीतर चढावर दगा देईल." मंसूर हो हो म्हणाला. ज्याची गाडी सायकलच्या ट्यूबवर घरी जाणार, तो आपल्याला शिकवतोय, म्हणून मनात हसला. अक्कल विकत मिळत नाही म्हणतात, इथं तर ती फुकट मिळत होती.

पुढच्या वैशाखात माघीला घोणस चावली. गवताचा भारा उचलायला वाकली होती. मंसूरची जीप तेव्हा दारातच होती, आणि माघीनं दिलेली मूठ त्यानं नुकतीच रेडिएटरमध्ये टाकली होती. पोर सुकरीला शेजारच्या पोशीकडे ठेवून काळ्या माघीचं डोकं मांडीवर घेऊन मागं बसला. जव्हारच्या दवाखान्यात वेळेत पोचली तर वाचेल, हे तिघांनाही ठाऊक होतं.

मंसूरनं कधी पळवली नव्हती तशी जीप पळवली. मोखाडा मागं पडला, आणि पुढच्या चढावर बोनेटमधून वाफ उसळली. त्यानं फडक्यानं झाकण उघडलं, हात भाजला, डब्यातलं पाणी ओतलं. पाणी खाली उतरेचना. नळ्या ठार बंद. तेवढ्यात इंजिन जाम झालं. काळ्यानं बायकोला पाठीवर घेतलं नि चालायला लागला. मंसूर मागून पळत होता. दुसरी गाडी येईपर्यंत माघी गेली होती.

जव्हारला मंसूरनं रेडिएटर कापला. आत नागली भाजून काळी पडली होती, शिळ्या भाकरीसारखी कडक. त्याची बायको अनीसा जेवायला हाका मारत राहिली. भाकरीकडं बघवेना त्याला.

इंजिन बांधून, नवा रेडिएटर बसवून तो सूर्यमाळला गेला. काळ्याला बाजूला घेऊन सगळं सांगितलं, त्या मुंबईकराचं बोलणंसुद्धा.

काळ्या म्हणाला, "म्हंजे तिच्याच हातचं पीठ?"

"ती द्यायची. टाकायचो मी. मला सांगितलेलं असून टाकलं."

तेवढ्यात सुकरी घरातून आली. मूठ घट्ट मिटलेली, बोटांमधून पीठ सांडत होतं.

"भाय, गाडीला घास. आय द्यायची ना."

मंसूरनं हात मागं घेतला. काळ्यानं त्याच्या दंडाला धरलं आणि हळूच म्हणाला, "पोरीला यातलं काय सांगू नको. घे तिच्याकडून."

मंसूरनं ओंजळ पुढं केली. नंतर जीप विकेपर्यंत, दर खेपेला, तो ती मूठ घेत राहिला.