पेवावरचं घर

काचेची पट्टी तडकली होती. मागच्या फेरीत मीच ती भिंतीतल्या भेगेवर आडवी ठेवून सिमेंटनं चिकटवली होती. आमची ही जुनी पद्धत. भेग जुनी असेल तर काच तशीच राहते, वाढत असेल तर तडकते. त्याच भिंतीला लागून खाट होती आणि खाटेवर सलीमभाईंची मुलगी नसीम होती. ओली बाळंतीण, कुशीत बाळ.

मी यवतमाळला स्ट्रक्चरल इंजिनिअर होतो. म्हणजे बांधकाम उभं राहील की नाही हे सांगणारा माणूस. स्वभावानं भित्रा आहे आणि मला त्याची कधी लाज वाटली नाही. निधड्या छातीचे इंजिनिअर मी पाहिले आहेत. त्यांच्या इमारतींखालून मी जात नाही.

बोरी अरब गावचे सलीमभाई मोटरपंप दुरुस्त करायचे. कापसाचे दिवस फिरले होते आणि गावातले जुने व्यापारी घरं विकून नागपूरकडे निघाले होते. तशातलंच एक घर त्यांनी घेतलं. घेण्याआधी गावंडे नावाच्या इंजिनिअरला रीतसर फी देऊन तपासूनही घेतलं. गावंडेंनी रिपोर्ट दिला, पाया भक्कम, राहण्यास योग्य. पुढच्याच उन्हाळ्यात मधल्या खोलीची भिंत उकलली. म्हणून मला बोलावणं आलं होतं.

"साहेब, घर पडते का?" सलीमभाईंनी विचारलं.

"आधी बाळंतिणीला इथून हलवा."

"कुठं हलवू?" त्यांच्या पत्नी जुबेदाभाभी म्हणाल्या. "समोर दुकान, दिवसभर गिऱ्हाईक. मागं टिनाचं छप्पर, नुसतं भाजून काढते. हेच एक खोली थंडगार हाय."

उन्हाळ्यात, स्लॅबखालची खोली थंडगार. मला ते आवडलं नाही. फरशी धुतली की पाणी कुठे जातं, असं मी विचारलं.

"त्या कोपऱ्यात मुरून जाते. मले तं बरंच वाटे. पुसा लागत नाही."

कोपऱ्यातली एक शहाबादी फरशी आम्ही पहारीनं उचलली. खाली काळोख होता. मी एक खडा सोडला. आवाज यायला वेळ लागला.

ते पेव होतं. पूर्वी धान्य साठवायला जमिनीत असे खड्डे खोदत. तोंड लहान, आत पोट मोठं. त्याचं तोंड नुसतं फरशीनं झाकून त्यावर संसार मांडला होता. भिंतीचा कोपरा थेट त्याच्या पोटावर उभा होता. टिनं काढून स्लॅब टाकल्यावर भार वाढलेला, आणि धुण्याचं पाणी आतली माती सोडवत होतं. मी बॅटरी मारली तेव्हाही आत ढेकळं गळत होती.

त्याच दिवशी मी सागाच्या बल्ल्यांचे टेकू लावून घेतले. टेकू म्हणजे तात्पुरता आधार, इलाज नव्हे. नसीमला मागे टिनाखाली हलवलं आणि मधल्या खोलीला कुलूप घातलं.

सलीमभाई ग्राहक मंचात गेले. त्यांचं म्हणणं सोपं होतं. "मी मोटर दुरुस्त करतो तं चालवून दाखवतो. जळाली तं माझी जिम्मेदारी. यायनं घर पाह्यलं, मंग यायची काहून नाही?"

गावंडेंनी उत्तर दिलं, "मी विकणाऱ्याला विचारलं होतं, तळघर आहे का. तो नाही म्हणाला."

विकणारा खोटं बोलला नव्हता. आमच्याकडे पेवाला कोणी तळघर म्हणत नाही. तळघराला पायऱ्या असतात, पेवात शिडी सोडतात. गावंडे दारव्ह्याकडचेच, पेव शब्द त्यांना पाठ. पण शर्ट इन करून गेले की आमची माणसं ऑफिसची भाषा बोलतात. व्यापाऱ्याच्या जुन्या घरात तळघर विचारून आले. आणि फरशीवर टाच आपटून खालची पोकळी ऐकायला तर कुठलीच भाषा लागत नाही.

त्यांच्या वकिलानं आणखी एक मागणी केली. मंचाचा कमिशनर, म्हणजे जागा पाहून अहवाल देणारा माणूस, येईपर्यंत पेव बुजवायचं नाही, पुरावा नष्ट होईल. टेकू म्हणजे दावा फुगवायचं नाटक आहे, असंही म्हणाला. पेव न बुजवण्याची मागणी मंचानं मान्य केली. कायद्यानं ती बरोबर होती. भिंतीला मात्र कायदा कळत नव्हता, आणि पावसाळा तोंडावर आला होता.

मी सलीमभाईंच्या दुकानात सारखा फोन करायचो. "कुलूप हाय, साहेब," ते म्हणायचे. एका दुपारी न सांगता गेलो, तर कुलूप उघडं. आत, त्याच फरशीवर, चटई टाकून बाळ झोपलं होतं.

मी उंबऱ्यावरच थांबलो. माझं वजन पडून फरशी गेली तर? मी चपला काढल्या आणि दुसऱ्या बाजूच्या भिंतीला घासत गेलो. बाळ उचललं. बाहेर येताच जुबेदाभाभींनी ते माझ्याकडून झटकन काढून घेतलं.

"घामोळ्यानं रडून राह्यलं होतं साहेब," त्या म्हणाल्या. "आत्ताच निजवलं होतं."

मी त्यांच्यावर ओरडलो. मग त्याही रडल्या, नसीमही रडली. चावी मी यवतमाळला घेऊन आलो.

पाहणीच्या दिवशी कमिशनर म्हणून मोहोड मॅडम आल्या. मंचानं नेमलेल्या वकील. त्या टॉर्च घेऊन पेवावर वाकल्या होत्या. गावंडे दाराशीच उभे राहिले. "इथून दिसतंय," म्हणाले. त्यांच्या वकिलानं टेकूंच्या नाटकाची टेप पुन्हा लावली.

"असं आहे?" मॅडम म्हणाल्या. "मग एक काढूनच पाहू. सलीमभाई, काढा."

सलीमभाईंनी हातोडा घेतला आणि टेकूखालची पाचर ठोकायला वाकले. मी तोंड उघडणार, तोच दाराकडून आवाज आला.

"थांबा. हात लावू नका त्याला. आधी सगळे बाहेर व्हा."

गावंडे होते. चेहरा पांढराफटक पडलेला.

"काहून, साहेब?" मॅडमनी शांतपणे विचारलं. "पाया भक्कम आहे ना?"

गावंडेंचं 'हात लावू नका त्याला' हे वाक्य मॅडमनी जसंच्या तसं अहवालात घेतलं आणि मग आम्ही सगळे खरोखरच बाहेर आलो. त्या दिवशी खोलीत माझ्याएवढा घाबरलेला दुसरा माणूस होता, याचं मला बरं वाटलं.

मंचानं गावंडेंना फी परत करायला आणि दुरुस्तीचा खर्च द्यायला लावला. मानसिक त्रासापोटी मागितलेल्या भरपाईतलं बरंचसं कापलं. भीतीची पावती नसते. पेव मुरूम ठोकून भरलं, कोपरा नव्यानं बांधला, आणि नसीम बाळाला घेऊन सासरी गेल्यावर मला नीट झोप लागली.

आता कोणी घर घेताना सल्ला विचारला तर मी एवढंच सांगतो. तपासायला आलेल्या इंजिनिअरला घरातल्या सगळ्यात जुन्या खोलीत बसवा आणि चहा द्या. तो कप घेऊन अंगणात गेला, तर रिपोर्टची वाट पाहू नका.