डोंबिवलीच्या विहिरीवरचे स्नान

माझ्या कल्याणच्या व्याह्यांइतका निरुपद्रवी माणूस ब्रह्मदेवाने दुसरा घडवला नाही, आणि त्यांनी माझे जेवढे नुकसान केले तेवढे माझ्या एकाही वैऱ्याने केलेले नाही. वैऱ्याशी निदान भांडता येते. व्याह्यांशी भांडायची सोय नसते, कारण आपली मुलगी त्यांच्या घरात असते. ठाण्याच्या बंदरावर ओंडके वाहण्यापासून सुरुवात करून मी टेंभी नाक्याजवळ लाकडाची वखार उभी केली. वाटेत ज्याने ज्याने मला फसवायला पाहिले त्याला चारचौघांत उभा करून बोललो. गाडीवान, सुतार, जंगलखात्याचे कारकून, कोणाची म्हणून भीड धरली नाही. या एका गृहस्थांपुढे मात्र मला दात आवळून बसावे लागे.

सोयरीक ठरवायला कल्याणला गेलो तो पूर्ण तयारीनिशी गेलो होतो. ते काय मागतील, मी काय म्हणेन, केव्हा रागावून उठायचे आणि दारापर्यंत जाऊन केव्हा परत वळायचे, सगळे मनात बांधून ठेवले होते. मी पहिला शब्द काढला आणि ते म्हणाले, "ठीक आहे. पोहे गार होताहेत तुमचे." संपले! घासाघीस न होता जुळलेल्या व्यवहारात कुठेतरी खोट असते, असा माझा जन्माचा अनुभव. लग्न लागेपर्यंत मला झोप नव्हती. खोट काही निघाली नाही, आणि खरे सांगायचे तर तेही मला खुपले. मंडईत हे गृहस्थ भाजीवालीने सांगितलेल्या भावाने भाजी घेत, आणि वर तिलाच विचारत, "तुला परवडतं ना गं?" त्यांच्याबरोबर बाजारात जाणे मी दुसऱ्या खेपेपासून बंद केले.

पण त्यांचे खरे रूप पाहायचे तर आगगाडीत पाहावे. लोक गाडीत बसतात ते कुठेतरी जायला. हे बसत ते नातेवाईक शोधायला. डब्यात पाऊल टाकले की यजमान असल्यासारखे सगळ्यांना "या, बसा, ऐसपैस बसा," म्हणायचे, आणि मग समोरच्याला "आपण कोणापैकी?" म्हणून धरायचे. ठाणे सुटून खाडीचा पूल येईतो त्याचे गाव, बोगदा संपेतो त्याचे आजोळ, आणि मुंब्र्याला गाडी थांबते न थांबते तोच तो यांच्या चुलत आत्याच्या नणंदेचा कोणीतरी निघालेला असे. माझ्यादेखत त्यांनी तिकीट तपासायला आलेल्या माणसाला आपल्या मावशीच्या जावयाचा साडू ठरवले होते. तो बिचारा तिकीट बघायचे विसरून पाया पडून गेला. एकदा तर गोऱ्या गार्डालाही यांनी हात जोडून विचारले, "साहेब, आपलं मूळ गाव कोणतं?" तो काय बोलला ते आम्हां दोघांनाही कळले नाही, पण हे उतरल्यावर मला म्हणाले, "माणूस घरंदाज दिसतो." दुसरा त्यांचा हट्ट सोवळ्याचा. आगगाडीत शिवाशिव चुकत नाही, पण लोकरीला विटाळ लागत नाही, म्हणून नेसायचा रेशमी मुकटा धाबळीच्या वळकटीत गुंडाळून ती वळकटी ते मांडीवर घेऊन बसत. तिला कोणी बोट लावलेले त्यांना खपत नसे. सोबत तांब्या आणि त्याला बांधलेली दोरी.

आता माझ्या मूर्खपणाकडे येतो. माझ्या बायकोच्या पाटल्या होत्या. वखार सुरू करताना तिने हातातल्या काढून दिल्या होत्या. पुढे दिवस पालटले तेव्हा तशाच नव्या घडवल्या, पहिल्यांपेक्षा जड. त्या तिने जेमतेम वर्षभर घातल्या आणि ती गेली. जाताना म्हणाली होती, "मनूच्या पहिल्या मंगळागौरीला तिच्या हातात घाला." मनू म्हणजे आमची एकुलती एक. त्या श्रावणात तिची पहिली मंगळागौर होती, आणि मला बोलावणे करायला व्याही रविवारी ठाण्याला आले होते. मंगळवारी पहाटे पूजेला बसण्याआधी पाटल्या तिच्या हातात पडायला हव्या होत्या. माझी तर सोमवारी शहापूरची लाकडे उतरायची होती. म्हणून म्हटले, यांच्याबरोबरच द्याव्यात. आणि युक्ती माझीच. पाटल्या मुकट्यात ठेवायच्या, मुकटा धाबळीत. सोवळ्याच्या वळकटीला हात लावायची छाती कोणाची आहे?

ठेसनावर मी त्यांना डब्यात बसवले आणि बाहेरून तीन वेळा बजावले, "वळकटी मांडीवरून खाली ठेवू नका. कोणी काही म्हणो, हातातून सोडू नका." मला हळू बोलता येत नाही. बंदरावर वाढलेला माणूस मी. शेजारून चांगल्या धोतरातला, कपाळाला गंध लावलेला एक गृहस्थ त्याच डब्यात चढला, तो मला दिसला होता. मला बरे वाटले. म्हटले, सोबत चांगली आहे.

मंगळवारी सकाळी फळफळावळ आणि खण घेऊन मी कल्याणला व्याह्यांच्या दारात उतरलो. दारात रांगोळी नाही, घरात बायकांचा गलबला नाही. ओटीवर एका बाजूला चटईवर व्याही एकटे बसलेले. मला पाहताच त्यांनी लांबूनच हात हलवला, "शिवू नका हं, व्याहीबुवा. सुतक आहे मला. तिसरा दिवस."

"कोण गेलं?"

"पनवेलचे वैद्य. तळ्यावरचे."

"ते कोण?"

"मलाही परवाच कळलं," ते म्हणाले, आणि मग शांतपणे त्यांनी सगळी हकीकत सांगितली. डब्यातला तो गंधवाला पनवेलचा निघाला. यांनी विचारले, पनवेलात कोणापैकी? तो म्हणाला, तळ्यावरच्या वैद्यांचा भाचा. यांनी डोळे मिटून बोटांवर मोजले आणि वैद्यबुवांना आपल्या आईच्या सख्ख्या मावसभावाच्या जागी आणून बसवले. एवढे नाते जुळल्यावर तो भाचा हळहळून म्हणाला, "अरेरे, मग तुम्हांला कोणी कळवलं नाही वाटतं? मामा गेले की हो, महिना झाला!"

"मला धक्काच बसला, व्याहीबुवा. ऐकल्याबरोबर सुतक लागलं, तीन दिवसांचं. आणि मांडीवर सोवळं!"

"पण धाबळी होती ना? लोकरीला विटाळ नाही म्हणता ना तुम्ही?"

"तो बाहेरचा विटाळ. स्वतःच्या अंगच्या सुतकाला धाबळी कशी चालेल?" मी एवढा मोठा झालो तरी मला शास्त्र कळत नाही, याचे त्यांना वाईट वाटलेले दिसले. "तो भला माणूस म्हणाला, माझं सुतक केव्हाच फिटलंय, द्या इकडे, मी धरतो. दिली. तेवढ्यात डोंबिवली आली. पुढे मालगाडी अडकली होती म्हणून गाडी खोळंबली. बाजूला विहीर दिसली. म्हटलं, ऐकल्याबरोबर स्नान झालं पाहिजे. तांब्यादोरी होतीच. नेसत्या कपड्यांनिशी दोन तांबे अंगावर घेतो न घेतो तोच शिट्टी झाली."

"आणि गाडी गेली."

"गेली. तो खिडकीतून हात करत होता हो बराच वेळ."

ओल्या धोतराने हे गृहस्थ रुळांच्या कडेने कल्याणपर्यंत चालत आले. हा नवा नातलग वळकटी घेऊन ठेसनावर थांबला असेल, असे त्यांना वाटत होते. नव्हता. तेव्हा त्याला आपले घर ठाऊक नसल्यामुळे तो पुढे गेला असेल, परतताना उतरेल, असे धरून ते सोमवारीही दिवसभर ठेसनावर बसले होते. फक्त लांबून, सुतक होते म्हणून.

"फौजदाराकडे गेलात?" मी विचारले. माझा आवाज अजून ताब्यात होता.

"फौजदाराकडे? नातलगावर फिर्याद करायची?"

"नाव काय त्याचं?"

व्याह्यांनी तोंड उघडले, आणि ते तसेच उघडे राहिले. त्याच्या मामाचे, आजोबांचे, मामीच्या माहेरचे, सगळे त्यांना पाठ होते. "नाव विचारायचं राहिलं," ते म्हणाले.

मग मी बोललो. काय बोललो ते इथे लिहिणार नाही. आळीतल्या लोकांनी ओटीसमोर उभे राहून ऐकले आहे. माझ्या बायकोची शेवटची वस्तू, ती तुम्ही एका भामट्याच्या मांडीवर नेऊन ठेवलीत, आणि न मेलेल्या माणसाचे सुतक धरून माझ्या आईवेगळ्या पोरीची पहिली मंगळागौर बुडवलीत, असे सांगून मी जे जे सुचले ते ते बोललो. पुढच्या मंगळवारी पूजा करता येते, असे आतून विहीणबाई हळूच म्हणाल्या. मी त्यांनाही सोडले नाही. मनू दाराच्या चौकटीला धरून उभी होती. हातात हिरव्या काचेच्या बांगड्या.

"बाबा, पुरे," ती म्हणाली. "मामंजींनी दोन दिवस अन्न घेतलं नाही."

मी थांबलो नाही. तेव्हा व्याही चटईवरून उठले, डोक्यावरचे पागोटे त्यांनी काढले आणि माझ्या पायांपासून वीतभर अंतरावर, सुतकाचे भान ठेवून, जमिनीवर ठेवले. मुलाच्या बापाने मुलीच्या बापापुढे पागोटे ठेवल्याचे मी आजवर कुठे ऐकलेले नाही. ते मी तेव्हाच उचलायला हवे होते. विटाळ झाला असता तर झाला असता, स्नान करून घेता आले असते. पण आयुष्यभर व्यवहार केलेला माणूस मी. समोरचा वाकला की आपण जरा थांबायचे, ही सवय हाडात गेलेली. मी थांबलो. ते पागोटे शेवटी मनूने उचलले.

पुढे मी फौजदाराकडे गेलो, पनवेलला गेलो, वाटेतल्या प्रत्येक ठेसनावरच्या हमालांना विचारून झाले. तळ्यावर वैद्यांचे घर नव्हतेच. पाटल्या मिळाल्या नाहीत. पुढच्या मंगळवारी विहीणबाईंनी आपल्या हातातल्या काढून मनूच्या हातात घातल्या. माझ्या नजरेने त्या तिथेच तोलल्या. हलक्या होत्या. माझा राग तेव्हा गेला नाही, आणि आज एवढी वर्षे झाली तरी गेला असे मी म्हणणार नाही. त्या पाटल्यांची जागा दुसरे सोने घेत नाही.

मनू त्यानंतर माहेरी आली की सासरचे सगळे बोले, पण सासऱ्यांविषयी विचारले तर म्हणे, "बरे आहेत." एकदाच म्हणाली, "घरात कुणी आलं तरी आताशा ते उठून ओटीवर येत नाहीत, बाबा."

नातवाच्या जावळाच्या वेळी व्याही आणि मी कल्याणहून ठाण्याला बरोबर निघालो. डोंबिवलीला कोपरकडचा एक म्हातारा आगरी भोपळ्यांची टोपली घेऊन चढला आणि आमच्यासमोर बसला. बोलका होता. व्याह्यांना म्हणाला, "कंच्या गावचं तुमी, बाबा?"

"कल्याण," व्याही म्हणाले, आणि मांडीवरची पिशवी त्यांनी दोन्ही हातांनी जवळ ओढून घेतली.

"कल्यानान माजी भाची दिलीय," म्हातारा म्हणाला. पूर्वी एवढ्या शब्दांवर यांनी त्याची तीन पिढ्यांची सोयरीक मांडली असती. आता त्यांनी म्हाताऱ्याकडे एकदा पायांपासून डोक्यापर्यंत पाहिले. ती नजर मी ओळखली, कारण ती माझी होती. वखारीत नवे गिऱ्हाईक आले की मी तसाच बघतो.

म्हातारा खजील होऊन टोपली चाचपू लागला. त्या बाकावर आता माझ्यासारखी दोन माणसे बसली होती, आणि त्यांतले दुसरे मी घडवले होते. मला राहवले नाही. जन्मात कधी न केलेली गोष्ट मी केली. पुढे वाकून त्याला विचारले, "भाची कुठल्या आळीला दिली, बाबा?"

त्याने आळी सांगितली, जावयाचे नाव सांगितले, जावयाच्या बापाचेही सांगितले. पुढे काय विचारायचे असते ते मला माहीत नव्हते. मी व्याह्यांकडे पाहिले. म्हटले, आता तरी पुढचा धागा ते धरतील. ते खिडकीबाहेर खाडीकडे बघत राहिले.