पोपटमामा राक्षसाशी बोलतात

शिरूरच्या एसटी स्टँडवर चौकशीच्या खिडकीआड पोपटमामा बसत आणि त्यांचा आवाज सगळ्या स्टँडभर हिंडत असे. ‘पारनेरकडे जाणारी गाडी’ हे शब्द ते भोंग्यातून इतक्या लाडानं म्हणत, की पारनेरला काडीचं काम नसलेल्या माणसालाही एक चक्कर मारून यावी असं वाटे. गाडीला उशीर झाला की लोक बाह्या सारून खिडकीशी येत. मामा आधी विचारत, “कुठलं पाव्हणं?” पाव्हणं वढूचं असेल तर मामांची मावशी वढूला दिलेली असे. तळेगाव ढमढेऱ्याचं असेल तर प्रश्नच मिटला, मामांचं घरच तिथं. बोलता बोलता गाडी लागे आणि भांडायचं राहूनच जाई.

दोन हजार एकच्या उन्हाळ्यात दुपारी ड्युटी सुटली की मामा स्टँडसमोरच्या बेकरीवरचा जिना चढू लागले. वर विनोदचा कॉम्प्युटर क्लास होता. मामा पहिल्यांदा गेले ते पंख्यासाठी. पण विनोदच्या पडद्यावर एका खेळातले डोंगर, धुकं आणि तलवारवाले दिसले, आणि पंखा बंद पडला तरी मामा उठले नाहीत.

त्या खेळात आधी आपला माणूस घडवावा लागे. ताकद किती, तलवार किती, बोलणं किती, ते वाटून द्यायचं. विनोदचा गडी तालमीतून आल्यासारखा होता. मामांनी सगळं माप बोलण्यात ओतलं.

“मामा, जरा मनगटात घाला,” विनोद म्हणाला. “कोंबडीनं टोचलं तरी मरंल ह्यो.”

“मग कोंबडीशी बी बोलू की.”

वाटेत कुणी भेटलं की ते इंग्रजीत बोले, आणि आपण काय म्हणायचं त्याची तीन-चार उत्तरं खाली येत. विनोद पहिलंच दाबून तलवार काढी. मामा एकेका शब्दावर बोट ठेवून वाचत, अडलं तर विनोद सांगे. परकी नावं तोंडात बसेनात, म्हणून वेशीवरची म्हातारी पहारेकरीण झुंबरबाई झाली. तिनं दर्यावर गेलेल्या मुलाची गोष्ट सांगितली तेव्हा विनोद चाट पडला.

“ही बोलती व्हय? मी तर हिला आल्याआल्याच मारली. अंगठी व्हती हिच्याकडं.”

त्या दिवशी मामांनी विनोदचा चहा घेतला नाही.

विनोदनं खेळ दोनदा जिंकला होता. त्याच्या खेळातल्या गावात खंडीभर सोनं होतं आणि बोलायला माणूस नव्हता.

अडचण एकच होती. प्रत्येक बोलण्याच्या शेवटी ‘फेअरवेल’ असं एक उत्तर असे, आणि ते दाबल्याशिवाय सुटका नसे.

“फेअरवेल म्हंजी काय रं?”

“निरोप.”

“आरं, पण जातो का येतो?”

विनोदनं डोकं खाजवलं. “जातोच म्हणायचं.”

“मग न्हाई दाबायचं. म्हातारी येशीत एकली बसलीया, तिला तोंडावर जातो म्हणू?”

शेवटी तोड निघाली. निरोपाची वेळ आली की मामा माऊस विनोदच्या हाती देत आणि खिडकीबाहेर बघत.

असा निम्मा उन्हाळा गेला. मग एक दिवस विनोद म्हणाला की त्याला पुण्यात नोकरी लागली, क्लास बंद, मशीन दौंडच्या एका माणसानं घेतली, तो रविवारी टेम्पो आणणार.

“बेस झालं,” मामा म्हणाले. अनोळखी पाव्हण्याची सात पिढ्यांची चौकशी करणारे मामा एवढ्यावरच थांबून खेळाकडे वळले. आता फक्त पुलावरचा राक्षस उरला होता. त्याला न मारता पलीकडे जायचं, आणि तेही रविवारच्या आत.

मामांनी त्याचं नाव सर्जेराव ठेवलं. विनोद त्याला दोनदा मारून गेला होता; मामांनी विचारलं, बाबा, तू असा आडवा का बसतोस? तेव्हा कळलं, पूल त्यानंच बांधलेला. त्यावरून गेलेलं माणूस पुन्हा कधी दिसलं नाही, म्हणून आता तो कुणाला सोडत नव्हता.

उत्तरं तीन. तलवार उपसणं मामांना मान्य नव्हतं. सोनं दिलं तर सर्जेरावानं ते नदीत फेकलं. विनोदनं फेअरवेल दाबलं तर त्यानं दोन्ही हात पसरून वाट अडवली.

शनिवारी दुपारी खिडकीआड मामांचा डोळा लागला. घोडनदीच्या पाण्यात पाय सोडून राक्षस पुलाशी बसला होता. लाल गाड्या त्याच्या गुडघ्यांमधून मुंग्यांसारख्या सरकत होत्या आणि तो प्रत्येकीला हळूच विचारत होता, कवा येणार? जवळ जाऊन बघतात तर त्याच्या अंगात खाकी शर्ट आणि डोळ्यांवर मामांचाच चष्मा. मामा दचकून जागे झाले आणि थेट जिना चढले.

“मामा, उद्या टेम्पो येतोय. ठोका आता त्याला.”

“थांब की. ह्यो एवढासा बाण कशाचा रं, खालच्या कोपऱ्यात?”

विनोदनं बाण दाबला. फेअरवेलच्या खालून आणखी एक ओळ वर सरकली. दोनदा जिंकलेल्या विनोदनं ती कधी पाहिली नव्हती.

“मी परत येईन,” त्यानं मराठी करून वाचलं.

“म्हंजी येतो,” मामा म्हणाले, आणि त्यांनी माऊस स्वतःच्या हातात घेतला.

सर्जेराव उठला, बाजूला झाला. वाजंत्री नाही की सोनं नाही. पुलावर नुसतं ऊन पडलं होतं.

“एवढंच म्हणायचं व्हतं व्हय,” विनोद पडद्याकडे बघत म्हणाला.

रविवारी टेम्पो मशीन घेऊन गेला. सोमवारी सकाळी विनोद पिशवी घेऊन खिडकीशी आला.

“मामा, चाल...” म्हणता म्हणता त्यानं जीभ आवरली. “येतो, मामा.”

“कवा?”

“दिवाळीला.”

मामांनी मान डोलावली. चष्मा पुसला, भोंगा सुरू केला.

“प्रवाशांनी लक्ष द्यावं. शिरूरहून पुण्याला जाऊन येणारी गाडी फलाट क्रमांक दोनवर लागलेली आहे.”

ड्रायव्हरनं खाली उतरून गाडीची पाटी एकदा वाचून घेतली.