निरोगी रुग्ण पाहिजेत

मी आजारी पडायचे आणि त्याचा पगार घ्यायचे. कुणी "आपण काय करता?" असं विचारलं की मी हे वाक्य टाकायचे आणि समोरच्याचा चेहरा बघत बसायचे. मग सावकाश उलगडून सांगायचे. वैद्यकीय महाविद्यालयात मुलांना परीक्षेत रुग्ण तपासून दाखवावा लागतो. खऱ्या रुग्णांचा काही भरवसा नसतो. ते नेमके परीक्षेच्या दिवशी बरे होतात, नाहीतर पोटाचं विचारलं की सुनेचं सांगत बसतात. म्हणून महाविद्यालयानं आमच्यासारखी माणसं ठेवली होती. आम्हाला आजार पाठ करायला द्यायचे आणि आम्ही खाटेवर पडून तो सादर करायचो.

"सादर" हा शब्द माझा. आम्हाला आजार शिकवणाऱ्या बाई नुसतं "सांगायचं" म्हणायच्या. पण त्यांना कलेतलं काय कळणार! कचेरीत होते तेव्हा स्नेहसंमेलनाचं नाटक दरवर्षी मी बसवायचे आणि मुख्य भूमिकाही मीच करायचे, कारण भूमिका वाटणारी मीच होते. निवृत्त झाल्यावर घरात जीव रमेना, तेवढ्यात ती जाहिरात वाचली, 'निरोगी रुग्ण पाहिजेत'.

आमचे हे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक. तेही निवृत्त झालेत, पण शिकवणं सुटलेलं नाही, फक्त वर्गात आता मी एकटीच. जाहिरात वाचून त्यांना इतका आनंद झाला की हातातला चहा तसाच राहिला.

"आरोग्य म्हणजे काय, हे अजून कुणाला नीट सांगता आलेलं नाही," ते म्हणाले. "आजार नसणं म्हणजे आरोग्य म्हणावं, तर दगडही निरोगी ठरतो. आणि सगळं काही उत्तम असणं म्हणजे आरोग्य म्हणावं, तर निरोगी असा एकही माणूस सापडायचा नाही."

"अहो, पण मी अर्ज करू की नको?"

"तो प्रश्न वेगळा," असं म्हणून त्यांनी पुन्हा वर्तमानपत्रात डोकं घातलं.

मी अर्ज केला. शिकवणाऱ्या बाईंनी पहिल्याच दिवशी अट सांगितली. "आजारी माणसाला इथे आजाऱ्याचं काम देता येत नाही. तुम्ही पित्ताशयाचं दुखणं सांगताय आणि मुलाला तुमच्या गुडघ्यात संधिवात सापडला, तर त्याला मार्क कसे द्यायचे?" म्हणजे त्यांच्या लेखी ज्याच्या अंगात परीक्षकाला अनपेक्षित असं काही नाही, तो निरोगी. ते सिद्ध करायला वर्षातून एकदा आम्हाला महाविद्यालयाच्या दवाखान्यात पाठवायचे. तिथले डॉक्टर वजन घ्यायचे, रक्तदाब बघायचे, साखर बघायचे आणि "बाकी बरं आहे ना?" विचारायचे. आपण "बरं आहे" म्हटलं की शिक्का बसायचा. आमचे हे इतकी वर्षं ज्या प्रश्नावर अडून बसलेत, तो त्या दवाखान्यात चहा यायच्या आत सुटायचा.

कामाचा एकच कडक नियम होता. पाठ करून दिलेलं सोडून मुलांनी दुसरं काहीही विचारलं, तर उत्तर "नाही". रात्री घाम येतो? नाही. घरात कुणाला मधुमेह? नाही. माझ्या माहेरी निम्म्या घराला मधुमेह आहे, पण खाटेवर पडले की मला माहेरच नसायचं. परीक्षा संपल्याची घंटा होईपर्यंत आपण आपण नसतो, असं बाई सांगायच्या. मला हे फार आवडायचं.

माझं पित्ताशय नावाजलेलं होतं, निदान माझ्यापुरतं. जेवणानंतर उजव्या बाजूला दुखतं एवढंच सांगायचं असायचं. मी त्यात भर घातली. खाटेची दांडी धरायची, मग एक लांब कण्हणं, मग डाव्या डोळ्यातून एक अश्रू. उजव्या डोळ्याचा मला कधी साधला नाही. शिकवणाऱ्या बाई म्हणायच्या, "अहो, जरा कमी." मोठ्या कलावंतांना हे ऐकून घ्यावंच लागतं, अशी मी मनाची समजूत घालायचे.

मग मला हृदयाच्या रुग्णाची भूमिका मिळाली. थोडं चाललं की दम लागतो अशी बाई. मी अभ्यासाला लागले. महाविद्यालयाचा जिना मुद्दाम भरभर चढून दम कसा लागतो ते बघायचे. काही दिवसांनी भरभर चढायची गरज उरली नाही, हळू चढले तरी पहिल्या वळणावर दम लागायला लागला. भूमिका अंगात मुरली म्हणून मी खूश! त्यात शिकवणाऱ्या बाईंनी आयुष्यात पहिल्यांदा माझं कौतुक केलं.

"हा दम मात्र अस्सल आहे हं. कसा आणता?"

"आतून येतो," मी विनयानं म्हटलं.

तो आतूनच येत होता. ती भूमिका संपून पुन्हा पित्ताशय सुरू झालं, तरी दम काही संपला नाही. मी म्हटलं, चांगल्या भूमिकेतून बाहेर यायला वेळ लागतोच. एकदा भाजीची पिशवी घेऊन घरी येताना मी जिन्यातच बसले. यांनी वरून डोकावून पाहिलं आणि विचारलं, "आज कोणतं दुखणं?" मी हात हलवला. "वर ये ग, चहा निवतोय," म्हणून ते आत गेले. मला थोडं वाईट वाटलं, पण त्याहून जास्त अभिमान वाटला, की घरच्या माणसालाही ओळखता येत नाही.

वार्षिक परीक्षेच्या दिवशी माझ्याकडे पित्ताशय होतं. पाठ करून दिलेल्या कागदावर शेवटची ओळ होती, "हृदय व्यवस्थित." परीक्षक होते मोठे सर, त्या विभागाचे प्रमुख. स्वभावानं भले, पण घड्याळाला बांधलेले. मुलं एकेक करून पडद्याआड येत होती, माझं पोट दाबत होती, छातीला स्टेथोस्कोपची नळी लावल्यासारखं करत होती आणि "हृदय व्यवस्थित" सांगून जात होती. सगळ्यांना माहीत होतं की भाड्याच्या रुग्णाचं हृदय व्यवस्थितच असतं.

मग थरथर आली. हे नाव मी ठेवलेलं. सरावाच्या वेळी त्या मुलीचे हात इतके थरथरायचे की नळी मला गुदगुल्या करायची. आदल्या वर्षी ती याच परीक्षेत नापास झाली होती. एकदा व्हरांड्यात तिनं मला सांगितलं होतं की पुन्हा नापास झाले, तर बाबा शिक्षण थांबवणार आहेत. त्यामुळे आज हिला पित्ताशय अगदी ताटात वाढून द्यायचं, असं मी ठरवून ठेवलं होतं.

मी दांडी धरली, कण्हले, डावा डोळा कामाला लावला. तिनं बघितलंसुद्धा नाही. छातीला नळी लावली आणि ती ऐकतच राहिली. "काकू, जरा पुढे वाका. श्वास सोडून थांबा." मी वाकले, थांबले. तिनं नळी मानेपाशी लावली, पुन्हा छातीवर आणली. मोठ्या सरांनी घड्याळ बघितलं.

"सर, हृदयात जादा आवाज आहे," ती म्हणाली.

"हे पोटाचं दुखणं आहे," सर समजुतीनं म्हणाले. "या बाई आमच्या जुन्या आहेत, दरवर्षी त्यांची तपासणी होते. शांतपणे विचार कर आणि पुन्हा सांग. मी थांबतो."

याहून जास्त परीक्षक काय सुचवणार? तिनं "व्यवस्थित" एवढा एक शब्द उच्चारला असता, तरी पास झाली असती. तिचे हात थरथरत होते, आवाज थरथरत होता, पण ती म्हणाली, "आवाज आहे, सर."

खरं सांगते, मला पहिल्यांदा राग आला. मी जीव तोडून कण्हतेय आणि ही पोरगी माझ्या पोटाला हात लावायला तयार नाही! दुसरा विचार आला तो नोकरीचा. हृदयात काही निघालं तर माझं पित्ताशय, अपेंडिक्स, अर्धशिशी, सगळं एका दिवसात जाणार. स्वतःच्या जिवाचा विचार तिसरा आला, आणि तोही फार वेळ थांबला नाही.

ती माझ्याकडे वळली. "काकू, जिना चढताना दम लागतो?"

"नाही."

"छातीत दाटून येतं?"

"नाही."

"कधी डोळ्यांपुढे अंधारी?"

परवाच आली होती, ओट्यापाशी. मी कढई सोडून ओट्याची कड धरली होती. "नाही," मी म्हटलं. मोठ्या सरांनी सुस्कारा सोडून पेनाचं टोपण काढलं. ते काय लिहिणार हे मला कळत होतं, तिलाही कळत होतं.

ती माझ्या अगदी जवळ वाकली. "काकू, मी त्या पोट दुखणाऱ्या बाईंना विचारत नाहीये. तुम्हाला विचारतेय. दम लागतो का हो?"

घंटा व्हायची होती. घंटेआधी मी मी नसते, हा नियम मी एकदाही मोडला नव्हता. "नाही" म्हटलं की माझी खाट शाबूत आणि ही पोरगी घरी. तोंड "नाही" म्हणायलाच उघडलं होतं. पण मला असं, माझं म्हणून, कुणीच विचारलं नव्हतं. दवाखान्यात नाही, घरात नाही, आणि मी स्वतःही नाही.

"हो," मी म्हटलं. "लागतो ग. पहिल्या वळणावरच लागतो. अंधारीही येते." आणि मला रडू फुटलं. या वेळी दोन्ही डोळ्यांतून.

मोठ्या सरांनी पेन खाली ठेवलं. स्वतःची नळी काढली आणि बराच वेळ ऐकलं. मग त्यांनी थरथरकडे बघून मान डोलावली आणि मला म्हणाले, "बाई, आता उठू नका." चाकाची खुर्ची मागवली. व्हरांड्यातून मला नेत असताना आमची मंडळी आपापल्या पडद्याआडून बघत होती. दम्याची भूमिका करणाऱ्या आजोबांनी अंगठा वर केला. अर्धांगवायूवाल्या बाईंनी तर टाळ्या वाजवल्या आणि ओरडल्या, "वा! आज एकदम खुर्ची?"

हृदयाची झडप अरुंद झाली होती, आणि काही आजकालची नव्हे. शस्त्रक्रिया ठरली. दुसऱ्या दिवशी शिकवणाऱ्या बाई भेटायला आल्या, खूप वेळ उशी सारखी करत राहिल्या आणि शेवटी म्हणाल्या, "तुमचं नाव कमी करावं लागतंय. तुम्ही आता अटीत बसत नाही." रुग्णालयाच्या खाटेवर पडून, आजारी असल्यामुळे रुग्णाच्या कामावरून काढलेली बाई जगात मी एकटीच असेन. हसण्यासारखंच होतं, पण मला हसू येईना. मला त्या कामाचं खरंच वेड होतं.

हे खाटेपाशी बसून होते. आल्यापासून आरोग्य या विषयावर एक अक्षर बोलले नव्हते. मधेच म्हणाले, "मी वरून बघायचो आणि आत जायचो." मला त्यांची दया आली, आणि खोटं कशाला बोलू, थोडं बरंही वाटलं.

संध्याकाळी थरथर आली. पास झाली होती. कागदावरचं उत्तर चुकलं, मुलगी चुकली नाही, असं मोठ्या सरांनी लेखी दिलं होतं. ती खाटेच्या पायथ्याशी उभी राहून म्हणाली, "काकू, माझ्यामुळे तुमचं काम गेलं."

"जाऊ दे ग. पण मला एक सांग, इतक्या मुलांनी मला तपासलं, मग तुलाच कसं ऐकू आलं?" प्रश्न विचारताना मला वाटत होतं, आता ही माझ्या कलेबद्दल काहीतरी बोलणार.

तिनं यांच्याकडे बघितलं, मग जमिनीकडे. "रागावणार नाही ना?"

"नाही, बोल."

"तुमची पोटदुखी खोटी असते हे पडद्याबाहेरूनच कळतं, काकू. आम्हा सगळ्यांना माहितीये. फार ओव्हरॲक्टिंग करता तुम्ही. गेल्या वर्षी मी तुमच्या कण्हण्याकडे बघत बसले आणि वेळ संपला. म्हणून या वेळी ठरवलं होतं, काकू काय करतात तिकडे बघायचंच नाही. फक्त ऐकायचं. तो आवाज तेवढा तुम्ही करत नव्हता."

हे हसायला लागले. आधी तोंड दाबून, मग इतके मोकळेपणानं की शेजारच्या खाटेवरच्या बाईंनी पडदा ओढून घेतला. इतक्या वर्षांची माझी पित्ताशयं, माझ्या अर्धशिश्या, माझा तो डावा डोळा! म्हणजे मी चांगली नटी असते तर आज जिवंत असते की नाही, कोण जाणे. दोघांना चांगलं सुनवावं म्हणून मी ताडकन उठून बसायला गेले आणि दम लागला. हसणं जागच्या जागी थांबलं. थरथरनं मनगट धरलं, यांनी पाठीला हात लावला.

"काय होतंय? काय होतंय तुला?" हे विचारत होते.

मी त्यांचा हात घट्ट धरला. "अहो," मी म्हटलं, "मला भीती वाटतेय."